डीएनपी की पीएचडी? नर्सिंगमधल्या डॉक्टरेटबद्दल अनुभव हवेत

मिरजेची_मुक्ता:
नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची. बीएस्सी नर्सिंग तिकडेच झालं, मग मुंबईत आयसीयू, आणि आता बरीच वर्षं ओहायोत कोलंबसला मेडिकल आयसीयूत आहे. एमएसएन (नर्सिंगमधलं मास्टर्स) नोकरी करता करता इथेच पूर्ण केलं. ग्रीन कार्ड हातात आहे, मुली शाळेत रुळल्यात, आणि आता डॉक्टरेटचं मनावर घेतलंय. गाडी अडलीय ती एकाच ठिकाणी: डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) करू की पीएचडी?

मॅनेजर म्हणते डीएनपी, कारण हॉस्पिटलला त्याचा उपयोग आहे. नवरा म्हणतो जे लवकर संपेल ते. एमएसएनला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, तुला प्रश्न पडतात, तू पीएचडीच कर.

मला पडलेला प्रश्न असा. कोलंबसमध्ये भूतानहून आलेल्या नेपाळी भाषिक निर्वासितांची मोठी वस्ती आहे. त्यांचे आजी-आजोबा आमच्याकडे व्हेंटिलेटरवर येतात. पेशंटला डिलिरियम (आजारपणात अचानक होणारा गोंधळ, भ्रम) झालाय का हे आम्ही दर पाळीत कॅम-आयसीयू चाचणीने बघतो. लक्ष तपासायला त्यात एस-ए-व्ही-ई-ए-एच-ए-ए-आर-टी ही अक्षरं एकेक करून म्हणायची आणि 'ए' ऐकू आला की पेशंटने आपला हात दाबायचा. शाळेची पायरी न चढलेल्या नेपाळी आजीला 'ए' काय आणि 'एस' काय! ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते. मग चार्टमध्ये 'तपासता येत नाही' यावर टिक होते. खरं तर तो पर्याय हाकेला सुद्धा ओ न देणाऱ्या, पूर्ण बेशुद्ध पेशंटसाठी आहे. घरचे सांगत असतात की आजी वेगळीच वागतेय, आणि आमच्या कागदावर मात्र काहीच नोंद नाही.

मला हे बदलायचंय. हे काम डीएनपीचं की पीएचडीचं?

पेणकर_विनायक:
बायको न्यू जर्सीत नर्स आहे, तिच्याही डोक्यात हेच चाललंय. धागा वाचतोय.

स्वाती_ऑस्टिन:
मुक्ता, मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स), डीएनपी केलेली. माझा अनुभव सविस्तर लिहिते.

आधी गैरसमज दूर करते. डीएनपी म्हणजे 'छोटी पीएचडी' नव्हे. पीएचडीत नवीन ज्ञान तयार करायचं असतं. डीएनपीत जे ज्ञान आधीच सिद्ध झालंय ते आपल्या वॉर्डात, आपल्या क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष उतरवायचं असतं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण करायला घेतल्यावर कळतं.

माझा प्रोजेक्ट लघवीच्या नळीवर होता. नळी जितके दिवस जास्त राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त, हे सगळ्या जगाला माहीत आहे. यात संशोधन करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी आमच्या युनिटमध्ये नळ्या निघत नव्हत्या. रोज सकाळी 'नळीची गरज आहे का' हा प्रश्न राउंडमध्ये आणला, डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट न बघता ठरलेल्या निकषांवर नर्सने नळी काढायची असा प्रोटोकॉल मंजूर करून घेतला. आकडे हलेचनात. मग रात्रपाळीला जाऊन बसले तेव्हा उलगडा झाला. रात्री नर्सिंग असिस्टंट एकच. नळी काढली की आजीबाईंना दर थोड्या वेळाने बेडपॅन द्यायचा कुणी? म्हणून संध्याकाळी काढलेली नळी रात्री परत घातली जायची. बायकांसाठी बाहेरून लावायची सक्शनची नळी आणि ब्लॅडर स्कॅनर युनिटवर आणून दिला तेव्हा कुठे फरक पडायला लागला. हे सगळं बजेट, मॅनेजर, युरॉलॉजी आणि आयटी यांच्यामागे फिरून करायचं. डीएनपीचं शिक्षण ते हेच.

तुझ्या बाबतीत सांगायचं तर कॅम-आयसीयूत अक्षरांऐवजी चित्रं दाखवून लक्ष तपासायची सोय आहे. ती तुमच्या युनिटमध्ये का वापरली जात नाही, हा डीएनपीचा प्रश्न आहे.

नंदिनी_पिट्सबर्ग:
स्वातीने छान मांडलंय. मी पीएचडीवाली, आता शिकवते, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

चित्रांची सोय आहे, बरोबर. पण ती चित्रं कुणासाठी काढलेली? ज्या बाईने आयुष्यभर पुस्तकातलं चित्र हातात धरलेलं नाही, ती काळ्या रेघांनी काढलेली वस्तू ओळखेल का? नाही ओळखली, तर तो डिलिरियम की चित्र वाचायची सवय नसणं? दुभाषा फोनवर असेल तर उत्तर बदलतं का? चाचणी एका भाषेतून दुसरीत नेली की ती तेच मोजते की भलतंच, हे तपासायची एक पूर्ण शिस्त आहे. भाषांतर, उलट भाषांतर, लोकांकडून वाचून घेणं, मग मानसोपचारतज्ज्ञाच्या स्वतंत्र निदानाशी ताडून बघणं. मुक्ता, तुझा प्रश्न इथे येऊन थांबत असेल तर तो पीएचडीचा आहे.

म्हणजे एकाच आजीभोवती दोन्ही पदव्या उभ्या आहेत. त्यातलं कुठलं काम करताना तुझी तहानभूक हरपेल, ते बघ.

पीएचडीत रोज काय असतं तेही सांगते. माझा विषय स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना घरी सांभाळणारी भारतीय कुटुंबं. मुलाखती मराठी, गुजराती, हिंदीत. एकेक मुलाखत ऐकून शब्दन् शब्द उतरवायची, मग ओळीओळीला कोड, म्हणजे आशय सांगणारी लेबलं, लावायचे. 'आईचं आता देवाच्या हातात' या वाक्याला हताशपणा म्हणायचं, श्रद्धा म्हणायची की वैद्यकीय निर्णय टाळणं म्हणायचं, यावर माझं आणि दुसऱ्या कोडिंग करणाऱ्या मुलीचं कडाक्याचं भांडण. एकट्याने बसायचं काम आहे. बेडसाइडची धावपळ अंगात भिनलेल्या नर्सला पहिलं वर्ष फार जड जातं. काय काम केलं हे संध्याकाळी दाखवता येत नाही.

कडू_कारलं:
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डीएनपी हे पदव्यांच्या महागाईचं उदाहरण आहे. 1965 मध्ये कोलोराडोत लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर प्रोग्राम सुरू केला तेव्हा डॉक्टरेट कुठे होती? नंतर मास्टर्स झालं, तेही पुरत होतं. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगने 2004 मध्ये ठराव केला की 2015 पर्यंत प्रगत नर्सिंगचं शिक्षण डीएनपीवर न्यायचं. 2015 येऊन गेलं, आणि आजही मास्टर्स करून लोक एनपी होतातच. त्याच क्लिनिकमध्ये, तेच पेशंट, आणि पगारात फारसा फरक नाही. मग वरची दोन वर्षं आणि फी कशासाठी?

स्वाती_ऑस्टिन:
@कडू_कारलं, पगाराचं तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, आणि ते मुक्तालाही माहीत हवं. मास्टर्सवाली एनपी आणि डीएनपीवाली एनपी, दोघींचं लायसन्स एकच. अधिकार पदवीवर नाही, राज्यावर ठरतात. टेक्साससारख्या राज्यात डीएनपी असले तरी औषध लिहायला मला डॉक्टरांशी करार लागतो. निम्म्याहून जास्त राज्यांत मास्टर्सवालीलाही तो लागत नाही.

पण 'कशासाठी' याचं उत्तर माझ्याकडे आहे. मास्टर्समध्ये मला समोरच्या पेशंटवर उपचार करायला शिकवलं. शंभर पेशंटच्या बाबतीत एकच चूक का होते हे शोधायचं, आकडे कसे वाचायचे, प्रशासनाला कसं पटवायचं, हे डीएनपीत शिकले. आता आमच्या संस्थेच्या मधुमेहाच्या प्रोग्रामची जबाबदारी माझ्याकडे आहे. ते काम मास्टर्सच्या बळावर मला झेपलं नसतं.

शिवडीचा_राजा:
मी सीआरएनए करतोय, म्हणजे भूल देणारी नर्स. आमच्यासाठी हा वाद मिटलेला आहे. 1 जानेवारी 2022 नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच्याच प्रोग्राममध्ये जावं लागतं. फी लाख डॉलरच्या वर, शिकताना नोकरी जवळजवळ अशक्य. पगार नंतर दोन लाखांच्या पुढे, म्हणून लोक कर्ज काढतात. आयसीयूचा अनुभव लागतो, तो मुक्ताताईंकडे भरपूर आहे, हे जाता जाता सुचवून ठेवतो :)

मिरजेची_मुक्ता:
@शिवडीचा_राजा, आमच्या आयसीयूतून दरवर्षी कोणी ना कोणी तिकडे जातंच. माझं मन मात्र पेशंट जागा असताना रमतं!

नाशिकची_पाठ्यनिर्देशिका:
मी महाराष्ट्रातून लिहितेय. इथे नर्सिंग कॉलेजला शिकवते आणि आरोग्य विद्यापीठाकडे पीएचडीला नाव नोंदवलंय. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, इथल्या मुलींसाठी सांगते.

भारतात पीएचडीचा रस्ता जुना आहे. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात 1986 ला एमफिल सुरू झालं, नंतर पीएचडी. पुढे इंडियन नर्सिंग कौन्सिलने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाबरोबर राष्ट्रीय पीएचडी कन्सॉर्शियम उभं केलं. प्राध्यापक, प्राचार्यपदाला कौन्सिलच्या निकषांत एमएस्सी आवश्यक आणि पीएचडी असल्यास उत्तम, असं आहे. त्यामुळे इथे पीएचडी म्हणजे कॉलेजचा रस्ता. वॉर्डातली परिसेविका किंवा अधिसेविका पीएचडी झाली तर तिच्या कामात काय बदलतं, याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

डीएनपीसारखं आपल्याकडे जवळचं काही असेल तर क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम. दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, पण पदव्युत्तर पातळीवरचा. तो केलेल्या मुली हुशार असतात, आणि हॉस्पिटलमध्ये परत त्यांना स्टाफ नर्सच्याच ड्युटीला लावतात. पद निर्माण केल्याशिवाय पदवीला अर्थ येत नाही, हे माझं ठाम मत आहे. 1947 चा जुना कायदा जाऊन 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आलाय, त्यातून काही घडो अशी फार इच्छा आहे.

माझी स्वतःची अडचण म्हणजे गाईड. मान्यताप्राप्त गाईड मोजके, त्यांच्याकडच्या जागा भरलेल्या. विषय आपल्या आवडीचा मिळत नाही, गाईडच्या सोयीचा मिळतो. 'अमुक विषयावरील माहितीपुस्तिकेची परिणामकारकता' या साच्यातले प्रबंध का निघतात, त्याचं कारण हे आहे. पुस्तिका वाचायच्या आधी गुण मोजायचे, नंतर मोजायचे, गुण वाढतातच. माझ्या डोळ्यांसमोर बंधपत्रित (बाँडवर काम करणाऱ्या) मुली एकेका रात्री अख्खा वॉर्ड सांभाळतात, त्यावर कुणी प्रबंध लिहीत नाही.

नंदिनी_पिट्सबर्ग:
@नाशिकची_पाठ्यनिर्देशिका, ताई, त्याच विषयावर लिहा! रात्री एका नर्सकडे किती पेशंट, हा नर्सिंग संशोधनातला सगळ्यात वजनदार प्रश्न आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा 30 दिवसांत मृत्यू व्हायची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. 168 हॉस्पिटलांची माहिती होती. आज अमेरिकेत कुठलीही नर्स युनियन विधिमंडळात उभी राहिली की तो आकडा घेऊन उभी राहते. कॅलिफोर्नियात 1999 ला कायदा झाला, 2004 पासून अंमलात आला, आयसीयूत एका नर्सला दोनच पेशंट. अशा कायद्यांचं भलं झालं की नाही हे सुद्धा पुढे संशोधनानेच मोजलं. आकडा हातात नसेल तर प्रशासन म्हणतं, सिस्टर, तुम्ही नेहमीच तक्रार करता.

नाशिकची_पाठ्यनिर्देशिका:
नंदिनीताई, हे वाक्य मी रोज ऐकते. तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवते.

गडचिरोली_ते_जिनिव्हा:
मी नर्स नाही, सार्वजनिक आरोग्यात काम करतो. पण 'संशोधन की प्रत्यक्ष काम' हा वाद आला की मराठी माणसाने गडचिरोली आठवावी. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन. हे काम झालं. पण शेजारची 47 गावं तुलनेला ठेवली, प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवला, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. तुलनेची गावं नसती तर ती 39 गावांची एक चांगली गोष्ट ठरली असती. मोजमाप होतं म्हणून देशभर आशाताईंच्या घरभेटींचा कार्यक्रम झाला.

कडू_कारलं:
मग हे पीएचडीच्या बाजूने झालं ना?

गडचिरोली_ते_जिनिव्हा:
नाही. इंजेक्शन द्यायला धजावणारी आरोग्यदूत नसती तर मोजायला काय होतं?

पेणकर_विनायक:
एक साधा प्रश्न. डीएनपी झाल्यावर 'डॉक्टर' म्हणायचं का? माझ्या सासूबाई आत्ताच विचारतायत, मुलगी डॉक्टर झाली की त्यांच्या गुडघ्याचं औषध घरीच मिळेल का :)

शिवडीचा_राजा:
सासूबाईंना सांगा, एनपी असेल तर डॉक्टर न होताही औषध लिहून देईल. पण घरच्यांना नाही!

स्वाती_ऑस्टिन:
विद्यापीठात डीएनपी आणि पीएचडी दोघीही डॉक्टर. हॉस्पिटलमध्ये राज्याप्रमाणे. कॅलिफोर्नियात पेशंटसमोर 'डॉ.' लावायला कायद्याने आडकाठी आहे, 2023 मध्ये काही डीएनपी नर्सेसनी त्याला कोर्टात आव्हान दिलं होतं. मी पेशंटला सांगते: मी स्वाती, तुमची नर्स प्रॅक्टिशनर. पेशंट घाबरलेला असताना समोर कोण उभं आहे हे त्याला नीट कळावं, बाकी पाटी कुठलीही असो.

कडू_कारलं:
यावर मात्र पूर्ण सहमत.

लीड्सची_लेक:
इंग्लंडमधून. इथे अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसला मास्टर्स पुरतं, डॉक्टरेटची सक्ती नाही. ऑस्ट्रेलियातही नर्स प्रॅक्टिशनरला मास्टर्सच लागतं. प्रोफेशनल डॉक्टरेट इथे आहे, पण तिच्यात प्रबंध आणि मूळ संशोधन असतं, त्यामुळे अमेरिकेतली डीएनपी आणि इथली प्रोफेशनल डॉक्टरेट एकाच मापाने मोजू नका. पुढे देश बदलायचा विचार असेल तर पीएचडी कुठेही समजते. डीएनपी काय ते अमेरिकेबाहेर समजावून सांगत बसावं लागतं.

नाशिकची_पाठ्यनिर्देशिका:
भारतात परत येऊन शिकवायचा विचार असेल तर डीएनपीला इथे समकक्षता मिळेल का हे प्रवेश घ्यायच्या आधीच विचारा. पदवी घेऊन आल्यावर नको.

हिशेबी_हेमा:
सगळे ध्येयाबद्दल बोलतायत, मी पैशाबद्दल बोलते. मी एका विद्यापीठाच्या आर्थिक मदत विभागात काम करते.

पूर्णवेळ पीएचडीला चांगल्या विद्यापीठांत फी माफ आणि वर विद्यावेतन मिळतं. विद्यावेतन नर्सच्या पगारासमोर फारच थोडं आहे, आणि चार-पाच वर्षं त्यावर काढायची असतात. खरा खर्च तो आहे, बुडालेला पगार. डीएनपीत फी आपल्या खिशातून, पण नोकरी चालू राहते, आणि पुष्कळ हॉस्पिटलं फीचा काही भाग देतात. त्या बदल्यात किती वर्षं तिथे राहायचं याची अट वाचून मगच सही करा.

कर्जाचं ताजं. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅज्युएट प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी) कर्ज बंद. सरकारी कर्ज वर्षाला 20,500 डॉलरपर्यंत, आणि 'प्रोफेशनल' ठरलेल्या पदव्यांना 50,000 पर्यंत. शिक्षण खात्याच्या मसुद्यात त्या 'प्रोफेशनल' यादीत नर्सिंग नव्हतं, त्यावरून 2025 च्या शेवटी देशभरच्या नर्सेस उसळल्या. राजा म्हणतात तशा लाखाच्या वरच्या प्रोग्रामला याचा सगळ्यात मोठा फटका. मुक्ता, प्रवेश घेताना त्या घडीचा नियम विद्यापीठाला लेखी विचार.

पीएचडीही सुरक्षित आहे असं नाही. नर्सिंग संशोधनाला पैसा देणारी राष्ट्रीय संस्था एनआयएनआर 1986 मध्ये केंद्र म्हणून सुरू झाली, 1993 मध्ये पूर्ण संस्था झाली. 2026 च्या बजेटच्या प्रस्तावात ती बंद करायचं सुचवलं होतं. संशोधनाचं आयुष्य अनुदानावर चालतं, हे धरून चला. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे ही मोठी जमेची बाजू. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलींना फेडरल फेलोशिपचे बरेच दरवाजे बंद असतात. शिवाय शिकवायची तयारी असेल तर नर्स फॅकल्टी लोन प्रोग्राम बघ. पदवीनंतर चार वर्षं पूर्णवेळ शिकवलं तर कर्जाचा 85 टक्क्यांपर्यंत भाग माफ होतो. हे दोन्ही पदव्यांना लागू आहे.

पेणकर_विनायक:
हेमाताई, ही पोस्ट बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. धन्यवाद.

नंदिनी_पिट्सबर्ग:
शिकवण्याचं निघालंय तर सांगते. डीएनपी घेऊन कॉलेजात शिकवता येतं आणि आज खूप जणी शिकवतात. पण संशोधन करणाऱ्या मोठ्या विद्यापीठांत टेन्यूरच्या (कायम प्राध्यापकाच्या) जागा बहुतेक पीएचडीलाच जातात, डीएनपीला क्लिनिकल ट्रॅक (प्रत्यक्ष रुग्णसेवा शिकवणारी जागा) मिळतो. आमच्याकडे प्रवेशाला येणाऱ्या काही मुली म्हणतात, मला संशोधन करायचंय, पण पीएचडी लांबते म्हणून डीएनपी घेते. त्यांना मी परत पाठवते. तशाच डीएनपीला गेल्या तर पुढे आयुष्यभर आकडेवारीच्या कोर्सची उणीव भासते.

आणि संख्येकडेही बघा. 2010 च्या 'फ्यूचर ऑफ नर्सिंग' अहवालाने डॉक्टरेट झालेल्या नर्सेस 2020 पर्यंत दुप्पट करा म्हटलं होतं. दुप्पट झाल्या, पण वाढ सगळी डीएनपीची. 2021 मध्ये डीएनपीला 40,000 हून जास्त विद्यार्थी आणि पीएचडीला 5,000 पेक्षा कमी. वॉर्डात काय उतरवायचं ते शोधणारी माणसंच कमी झाली, तर वीस वर्षांनी स्वातीने उतरवायचं काय? मला याची मनापासून काळजी वाटते.

स्वाती_ऑस्टिन:
नंदिनी, मान्य. पण अर्धा दोष पीएचडीच्या प्रोग्रामचा आहे. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईला तुम्ही दरवाजात उभं करत नाही. माझी एक मैत्रीण, विलक्षण हुशार, तिला मुलाखतीत विचारलं की पूर्णवेळ जमेल का, मुलं लहान आहेत ना? ती डीएनपीला गेली. अशा किती जणी गेल्या असतील?

नंदिनी_पिट्सबर्ग:
हा प्रश्न विचारला जाणं लाजिरवाणं आहे आणि तो विचारला जातो, हे मी नाकारणार नाही. आमच्या समितीत हा प्रश्न विचारायला बंदी घालून घेतली, पण अर्धवेळ विद्यार्थिनीला विद्यावेतन मात्र अजून मिळवून देता आलेलं नाही.

कडू_कारलं:
दोन्ही एकत्र करता येतं म्हणे? जॉन्स हॉपकिन्सला डीएनपी-पीएचडी जोड पदवी आहे.

नंदिनी_पिट्सबर्ग:
आहे. ज्यांना रोज पेशंटही बघायचेत आणि अनुदान मिळवून संशोधनही करायचंय अशा मोजक्यांसाठी. दोन्हीतलं निवडता येत नाही म्हणून कुणी तिकडे जाऊ नये.

मिरजेची_मुक्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे लिहिलं नाही कारण तुमच्या सांगण्यावरून काही गोष्टी करून बघत होते.

स्वातीने म्हटलं म्हणून आधी चित्रांची आवृत्ती शोधली. आमच्या युनिटच्या कपाटात तो चित्रांचा संच होता! ट्रेनिंगच्या खोक्यात, प्लास्टिकही न काढलेला. एज्युकेटरशी बोलले, दिवसपाळीत तीन-चार जणींना दाखवला आणि व्हिडिओवरचा दुभाषा सोबत घेऊन वापरायला सुरुवात केली. दोन आजोबांनी व्यवस्थित उत्तरं दिली. मग एक आजी आल्या. व्हेंटिलेटरची नळी निघालेली, पूर्ण जाग्या, सुनेला ओळखत होत्या, नातवाचं नाव सांगत होत्या, घर कुठे ते सांगत होत्या. पाच चित्रं दाखवली, मग दहा दाखवून 'आधी कुठली पाहिली' असं विचारलं. प्रत्येक चित्राला मान हलवून हो. कागदावर ती बाई डिलिरियममध्ये निघाली. दुभाषी म्हणाली, ताई, त्यांना वाटतंय तुम्ही चित्रं कशी आहेत असं विचारताय, आणि नर्सला नाही कसं म्हणायचं?

मी पुढे अर्धा तास त्याच विचारात. चुकीच्या निदानावर औषध सुरू झालं असतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तरी वाचत बसले, सौजन्याने 'हो' म्हणण्याबद्दल, न शिकलेल्या वृद्धांच्या चाचण्यांबद्दल. नवरा म्हणाला जेव.

नंदिनी_पिट्सबर्ग:
मुक्ता! हीच तुझी अर्जातली पहिली दोन पानं. जशी इथे लिहिलीस तशीच लिही.

मिरजेची_मुक्ता:
हो, पीएचडीला अर्ज करतेय. फी माफ आणि विद्यावेतन असलेल्या जागीच, नाहीतर नाही. हेमाताईंचा हिशेब घरी मांडून झालाय. वीकेंडला आयसीयूची पाळी चालू ठेवायला परवानगी देणारे प्रोग्राम आहेत का ते बघतेय, कारण पेशंट सोडून मी राहू शकणार नाही. आणि युनिटचं काम डॉक्टरेटसाठी थांबवत नाही. 'तपासता येत नाही' ही टिक नेमकी कधी करायची यावर एज्युकेटर आणि मी मिळून छोटं प्रशिक्षण घेतोय, रात्रपाळीलासुद्धा. रात्रीचं स्वातीकडून शिकले.

स्वाती_ऑस्टिन:
मला फार आनंद झाला, डीएनपी नाही घेतलीस तरी! आमच्याकडे स्पॅनिश बोलणाऱ्या आजी-आजोबांचं असंच होतं. तुमच्या प्रशिक्षणाचा कागद पाठवशील का? मी आमच्या आयसीयूच्या नर्स मॅनेजरला देते.

मिरजेची_मुक्ता:
पाठवते. त्यात घरच्यांना विचारायचे तीन प्रश्नही घातलेत, आजी नेहमीपेक्षा वेगळ्या वागतायत का वगैरे. ते तुमच्याकडे चालतायत का तेवढं कळव.

शिवडीचा_राजा:
मुक्ताताई, नेपाळी मित्र आहे माझा, आई त्याच वयाची, कधी शाळेत गेलेली नाही. प्रश्न आधी कुणाला तरी वाचून दाखवायचे असतील तर सांगा, त्याच्याशी बोलून ठेवतो.